एक्केचाळीस सेकंदांत पास

८ मे, गुरुवार, सकाळी साडेदहा. मिरजेतल्या आमच्या स्कॅन केंद्रात विश्वस्तांची बैठक. हजर: अध्यक्ष डॉक्टर, दोन विश्वस्त आणि मी. मंजूर रक्कम अकरा हजार रुपये, नागपूरला जाऊन येण्यासाठी. कारण: दोनशे चौदा रुग्णांचे जुने स्कॅन गेले. ते का गेले हे शोधायचे, आणि दुसऱ्या कोणाचे जाऊ नयेत यासाठी काही करता आले तर करायचे.

या केंद्रातली संगणकाची कामे मी एकोणीस वर्षे पाहतो. आमचे स्कॅन केंद्रातल्याच संगणकांवर राहतात आणि त्यावर जे क्लाउड सॉफ्टवेअर चालते ते फुकट आहे. जगभरची माणसे मिळून ते लिहितात, कोणीही वापरावे. डिस्कचा मोठा डबा मात्र आम्ही नागपूरच्या एका लहान कारखान्याकडून घेतला, कारण तो परवडला. सॉफ्टवेअरला या डब्याशी बोलता यावे म्हणून मध्ये एक जोडतुकडा लागतो. त्याला प्लगिन म्हणतात, आणि तो कारखानदारानेच लिहून द्यायचा असतो.

आता सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या घरी प्रत्येक कंपनीचा डबा नसतो. म्हणून त्यांचा नियम असा की प्लगिनवाल्याने आपल्या जागी चाचणीचे एक यंत्र कायम चालू ठेवायचे. जगात कोणीही सॉफ्टवेअरमध्ये बदल सुचवला की ते यंत्र तो बदल आपोआप उतरवून घेते, खऱ्या डब्यावर तपासते आणि सगळ्यांना दिसेल असा पास किंवा नापासचा शेरा देते. यंत्र गप्प राहिले, किंवा आठवडेच्या आठवडे नापास सांगत राहिले, तर ते प्लगिन पुढच्या आवृत्तीतून काढून टाकतात. म्हणजे विद्यार्थ्याने स्वतःचाच पेपर तपासायचा. फक्त निकाल चौकात लावायचा.

एप्रिलमध्ये मी आमच्याकडे नवी आवृत्ती बसवली आणि स्कॅनची जागा वाढवली. जागा वाढली, पण शेवटचा भाग वाचता येईना. दुसरी प्रत होती, तीही त्याच डब्यात. ती चूक माझी. बैठकीत मी ती सर्वांत आधी सांगितली.

त्यानंतर मी नागपूरच्या यंत्राचे जाहीर शेरे वाचत बसलो. आमचा घात करणाऱ्या बदलालाही 'पास' होते. सगळ्यांनाच पास होते. मग मी वेळेचा रकाना पाहिला. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत एका बदलाच्या तपासणीला सुमारे एक तास पन्नास मिनिटे लागत होती. जूनपासून प्रत्येक शेऱ्यापुढे एक्केचाळीस सेकंद. कधी चाळीस, कधी बेचाळीस. मी त्रेसष्ट शेरे कागदावर उतरवले आणि थांबलो. पुढची आवृत्ती शुक्रवारी, १६ मेला निघणार होती. हे पास पाहून आणखी लोक ती बसवतील आणि जागा वाढवतील.

१२ मे, नंदनवन

मिरज ते नागपूर सत्तावीस तास. त्यात सांगण्यासारखे एवढेच की वर्ध्याच्या पुढे रेल्वेच्या डब्यातल्या सगळ्यांनी तोंडाला पंचे आणि ओढण्या गुंडाळल्या, आणि उघड्या तोंडाचा मी एकटा उरलो.

कारखान्याचे मालक प्रभाकर मेश्राम. वय साठीच्या आत-बाहेर, अंगाने काटकुळे. त्यांचा कारखाना लकडगंजात, लाकडाच्या वखारींच्या मागे. पण सोमवारी बुद्धपौर्णिमा होती, कारखाना बंद, म्हणून त्यांनी मला घरी नंदनवनला बोलावले. दारात त्यांनी 'जयभीम' म्हटले. मी सवयीने नमस्कार म्हणालो, मग मीही जयभीम म्हणालो. त्यांच्या पत्नी सुनंदाबाईंनी खिरीची वाटी हातात दिली. आमच्याकडे पाहुण्याला आधी चहा. इथे आधी गार पाणी, मग खीर, आणि चहाचे नाव ऊन उतरल्यावर.

"मिरजेवरून इतक्या उन्हात काहून आले गा, भाऊ?" मेश्राम म्हणाले. "फोनवर नसतं झालं?"

"फोनवर तुम्ही म्हणाला होता, सगळं पास आहे."

"मग? हायेच ना पास."

मी कागद काढून पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि बायकोकडे सरकवला. सुनंदाबाईंनी कागदाकडे पाहिलेच नाही.

"आधी जेवून घ्या," त्या म्हणाल्या.

जेवायला गोळाभात होता. हरभऱ्याच्या डाळीचे वाफवलेले गोळे भातावर कुस्करायचे आणि वरून हिंग-मिरचीची कडकडीत फोडणी ओतायची. आमच्याकडे तेल चटणीवर घेतात. इथे पळीने भातावर घेतात. अन्न चांगले होते. चाचणी हा शब्द जेवण होईपर्यंत कोणी काढला नाही, आणि जेवण झाल्यावर सुनंदाबाई म्हणाल्या, "उद्या या, भाऊ. आज सणाचं नको."

शुक्रवारला चार दिवस होते.

१३ मे, मागची खोली

चाचणीचे यंत्र आधी लकडगंजात होते. वखारींतला भुसा पंख्यांत बसून ते दोनदा बंद पडले, म्हणून मेश्रामांनी ते घराच्या मागच्या खोलीत आणले. खिडकीला कूलर, कूलरसमोर यंत्र, शेजारी डबा. यंत्र सांभाळण्याचे काम सुनंदाबाईंचे. त्यांनी तरुणपणी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा अभ्यासक्रम केलेला, बाकीचे बघून शिकल्या. प्लगिन लिहिणारा त्यांचा भागीदार तीन वर्षांपूर्वी नोकरी धरून बंगळूरला गेला. आता तो फोन उचलत नाही.

सुनंदाबाईंनी स्वतःच पडद्यावर ती यादी उघडली. वगळायच्या चाचण्यांची यादी. प्रत्येक ओळीसमोर त्यांनी मराठीत शेरा लिहिला होता: 'उन्हाळ्यापुरती'.

"गेल्या वर्षी मार्चमध्ये पहिल्या चार," त्या म्हणाल्या. "दुपारी खोली तापली की यंत्र हळू चाले, वेळ संपे अन् चाचणी नापास. डब्याचा दोष नव्हता, भाऊ. उन्हाचा होता. म्हणून चार वगळल्या. पाऊस पडला की काढून टाकू म्हटलं."

"मग?"

"एप्रिलमध्ये एकतीस झाल्या. मेमध्ये मोजणं सोडलं."

मी मोजल्या. एकूण चाचण्या दोनशे शहाऐंशी. यादीत दोनशे शहाऐंशी. यंत्र सुरू होई, यादी वाचे, करण्यासारखे काही उरलेले नसे, आणि बंद होई. त्याला एक्केचाळीस सेकंद लागत. शेरा देणारा प्रोग्राम फक्त नापास मोजत होता. नापास शून्य, म्हणून पास. पास किती, हे त्याने कधी विचारलेच नव्हते.

नागपुरात उन्हाळ्यापुरत्या बऱ्याच गोष्टी असतात. दुकाने दुपारी एक ते पाच बंद, न्हाण्याची वेळ वेगळी, झोपायची जागा वेगळी. पाऊस आला की सगळे जागच्या जागी जाते. ही यादी तशीच सुरू झाली होती, आणि त्यात लबाडी नव्हती, हे मला तिथे बसल्यावर पटले. पण पुढचा प्रश्न विचारायलाच हवा होता.

"पावसाळ्यात काढल्या का नाहीत?"



"काढल्या होत्या," सुनंदाबाई म्हणाल्या. "जुलैमध्ये. शेरा न पाठवता वीस काढून पाहिल्या. चौदा पडल्या."

"तेव्हा ऊन नव्हतं."

"नव्हतं."

"म्हणजे प्लगिनच बिघडलं होतं."

"सॉफ्टवेअर बदलत गेलं, आमचं जुनंच राहिलं. दुरुस्त करणारा तिकडे बसला बंगळूरला. मी परत टाकल्या यादीत."

"मले नाही सांगितलं वं तू," मेश्राम दारातून म्हणाले.

"नाही सांगितलं?" सुनंदाबाई वळल्या. "तुमीच म्हणाले ना, दिवाळीपर्यंत राहू दे सुनंदा, दोन डब्यांची ऑर्डर येऊन राहिली."

"दिवाळी होऊन गेली बाप्पा."

"हो. ऑर्डरही येऊन गेली."

त्या दोन डब्यांतला एक आमचा होता. तो मिरजेला आला होता.

मेश्राम माझ्याकडे वळले. "अन् तुमी? दोन्ही प्रती एकाच डब्यात ठेवल्या ना? आमच्याकडे शेतातला माणूसबी सगळं बियाणं एका पोत्यात ठेवत नाही."

"ठेवल्या," मी म्हणालो. "विश्वस्तांना सांगून आलोय."



मी एवढेच मागितले की यादी रिकामी करून सगळ्या चाचण्या एकदा खऱ्या चालवू. गार वेळी, पहाटे, म्हणजे उन्हाला दोष देता येणार नाही. पास झाल्या तर मी त्यांची माफी मागून गाडीत बसेन. सुनंदाबाई लगेच हो म्हणाल्या. मेश्राम अंगणात जाऊन उभे राहिले.

परतताना दुपारचे दोन वाजले होते. कोपऱ्यावर रिक्षा मिळेपर्यंत माझा घोळणा फुटला आणि सदरा रक्ताने भरला. रिक्षावाल्याने मला सीटवर आडवे केले, डोक्यावर बाटली रिकामी केली आणि शिव्या घातल्या. "काहून निघता गा दुपारचं? इथं कुत्रंबी निघत नाही या टायमाले. पाहुणे दिसता." लॉजपर्यंत त्याने मीटरचेच पैसे घेतले, पाण्याचे घेतले नाहीत.

१४ मे, पहाट

पाच वाजता पोचलो. सुनंदाबाईंनी खिडक्यांना ओले पडदे लावून ठेवले होते. पाच दहाला त्यांनी यादी पुसली आणि यंत्र सुरू केले.

वाट पाहण्याचे काम विचित्र असते. मेश्राम कोपऱ्यावरून तर्री-पोहे घेऊन आले. पोह्यांवर तांबड्या रश्श्याचा थर. आमच्याकडचा कांदेपोहे खाणारा माणूस पहिल्या घासाला डोळे पुसतो. मी पुसले. "रडून राहिले काय साहेब? निकाल तर लागू द्या," मेश्राम म्हणाले. त्या सकाळी ते एकदाच हसले.

त्यांनी सांगितले की त्यांचे वडील, म्हणजे सुनंदाबाईंचे मामाजी, लकडगंजात एका वखारीत लाकूड मोजायला होते. गोल ओंडक्याचे माप फीत लावून काढायचे आणि खडूने ओंडक्यावर लिहायचे. विकणारा आणि घेणारा, दोघेही तो आकडा पुन्हा मोजत नसत.

सात अठ्ठावीसला यंत्र थांबले. दोनशे शहाऐंशीपैकी पास एकशे एकाहत्तर, नापास सत्त्याण्णव, अर्धवट राहिलेल्या अठरा. खोलीत तेव्हा गारवा होता. नापास चाचण्यांची नावे सुनंदाबाईंनी एकेक मोठ्याने वाचली. जागा वाढवण्याची चाचणी त्यांत होती. डबा 'जागा वाढली' असे सांगत होता आणि शेवटचा भाग वाचायला मागितला की कोरा देत होता. मिरजेत तेच झाले होते.

"आता तुमी लिहून टाका त्या लोकांना," मेश्राम म्हणाले. "नुकसान तुमचं झालं. मी काहून माझ्या हातानं लिहू?"

"मी लिहिलं तर ती तक्रार होईल. ते चौकशी करतील, तुम्हाला विचारतील, शुक्रवार निघून जाईल. तुम्ही शेरे मागे घेतले तर आजच्या आज प्लगिन थांबेल."

"फरक काय? दुकान तर दोन्हीनं बंद."

"दुकानाला फरक नाही," मी म्हणालो.

"अकरा वर्षं झाली, साहेब. माहीत हाये का? त्या लोकांच्या प्लगिनवाल्यांच्या यादीत आमचं नाव मोठ्या मोठ्या कंपन्यांच्या खाली लागते. कोणाले दाखवलं तर विश्वास बसत नाही. लकडगंजचं नाव तिथं."

"मग मामाजींच्या खडूनं लिहा ना आणखी दोन वर्षं खोटं माप," सुनंदाबाई म्हणाल्या. "मी नाही लिहीत आता."

त्या खुर्चीत बसल्या आणि टंकायला लागल्या. मजकूर साधा होता. गेल्या जूनपासून आमच्या यंत्राने दिलेले सर्व पास रिकामे आहेत. त्यामागे एकही चाचणी झालेली नाही. आज खऱ्या चाचण्या केल्या, त्यांचा निकाल सोबत. जागा वाढवल्यास माहिती जाते. कृपया हे प्लगिन येत्या आवृत्तीत ठेवू नये.

पहिल्या वाक्यात त्यांनी 'येथील तीव्र उन्हाळ्यामुळे' असे घातले होते. मी म्हणालो, ते काढा. जुलैमध्ये ऊन नव्हते. त्यांनी ते शब्द पुसले. आकड्यांच्या दृष्टीने माझे बरोबर होते. पण त्या तीन शब्दांनी कोणाचे काही बिघडले नसते, आणि मार्चपुरते ते खरेही होते. घरी आल्यावर ही गोष्ट मी पत्नीला सांगितली. ती म्हणाली, "राहू द्यायचे होते." मला अजून ठरवता आलेले नाही.

खाली सुनंदाबाईंनी स्वतःचे नाव लिहिले. मेश्राम मागे येऊन उभे राहिले, म्हणाले, "माझं वर टाक." त्यांनी टाकले. सकाळी नऊ पाचला पत्र गेले.

१५ मे, लकडगंज

पत्र जगासाठी होते, पण डबे घेतलेले लोक अशी पत्रे वाचत नाहीत. मी स्वतः कधी वाचली नव्हती. म्हणून गुरुवारी कारखान्यात बसून आम्ही फोन केले. आजवर विकलेले डबे छत्तीस. चालू असण्याची शक्यता असलेले सव्वीस. फोन लागले बावीस. शेजारच्या वखारीत करवत चालू, तिचा आवाज आला की मेश्राम बोलणे थांबवून वाट पाहत आणि वाक्य पहिल्यापासून सांगत.

"साहेब, एक वाईट खबर हाये. नवीन आवृत्ती बसवू नका. बसवली असंन तर जागा वाढवू नका. नाही, तुमची चूक नाही. आमची हाये."

काहींनी आभार मानले. एकाने विचारले की मग डबा परत घेणार का, त्याला मेश्रामांनी 'पैसे नाहीत' असे सरळ सांगितले. नागपुरातल्याच जरीपटक्याच्या एका दुकानदाराचा आवाज मला पलीकडून ऐकू आला: "साल झालं, अन् आता सांगून राहिला काय बे?" मेश्राम म्हणाले, "हो. आता सांगून राहिलो."

सतरावा फोन यवतमाळच्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेचा. तिथल्या बाई म्हणाल्या, मागच्या आठवड्यातच जागा वाढवली, सगळे ठीक दिसते आहे. मेश्रामांनी फोन माझ्याकडे दिला. मी त्यांना शेवटच्या भागातली एखादी फाइल उघडायला सांगितले. त्या गेल्या. फोन कानाशी धरून मी बसलो. त्या परत आल्या तेव्हा त्यांनी विचारले, "ही कोरी कशी?" त्यांची दुसरी प्रत दुसऱ्या कपाटात होती. आमच्यापेक्षा त्या शहाण्या.

दुपारी उत्तर आले. परदेशातल्या ज्या बाई हे सगळे शेरे पाहतात त्यांच्या दोन ओळी. कळवल्याबद्दल आभार. प्लगिन काढून टाकले आहे, उद्याच्या आवृत्तीत ते नसेल. राग नाही, प्रश्न नाही.

"अकरा वर्षं," मेश्राम म्हणाले. "अन् दोन ओळी. शिव्या तरी द्यायच्या होत्या."

संध्याकाळच्या गाडीआधी मी निरोप घ्यायला नंदनवनला गेलो. सुनंदाबाईंनी प्रवासासाठी पोळ्या आणि कांदा बांधून दिला. दारात त्यांनी विचारले, "भाऊ, तुमच्या त्या दोनशे चौदामध्ये जास्त आजारी कोण हाये?"

संख्या मी दहा वेळा मोजली होती. नावे वाचली नव्हती.

मिरज

परत आल्यावर नावे वाचली. डॉक्टरांबरोबर बसून कोणाला जुना स्कॅन खरोखर लागणार आहे ते काढले. पुन्हा स्कॅन काढून देता येतो, पण तो आजचा असतो. दोन वर्षांपूर्वीचा पुन्हा काढता येत नाही.

यादीत पहिले नाव जत तालुक्यातल्या एका अंगणवाडी सेविकेचे. वय सेहेचाळीस. फुप्फुसावर डाग. जुन्या स्कॅनमध्ये तो तेवढाच असता तर काळजी नव्हती, वाढलेला असता तर होती. जुना नव्हता, म्हणून सांगलीला नेऊन सुई घालून तुकडा काढावा लागला. त्यानंतर त्या तीन दिवस रुग्णालयात होत्या. निकाल आला: डाग जुना, बरा झालेला.

जूनमध्ये मेश्रामांनी चाचणीचे यंत्र विकले आणि आलेले अठरा हजार रुपये आमच्या केंद्राच्या खात्यावर पाठवले. सोबत पत्र नव्हते. ते रुग्णांसाठीच वापरावेत असे विश्वस्तांनी ठरवले. मी जतला गेलो. बाईंनी विचारले, "जुना फोटो असता तर सुई घालावी लागली नसती का?"

मी म्हणालो, "नसती."

सुईचे साडेनऊ हजार आणि सांगलीला जाण्या-येण्याचे दोनशे चाळीस, असे नऊ हजार सातशे चाळीस रुपये त्यांच्या हातात दिले. उरलेले आठ हजार दोनशे साठ बाकीच्या दोनशे तेरा जणांसाठी ठेवले आहेत.